तिनं वाढवलं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी स्वयंपाकघराबाहेर असते आणि रस्ता ओलांडायला सोबत नसेल तर पलीकडच्या दुकानातलं मला काही नको असतं. त्यामुळे लग्न होऊन म्हैसूरला आले आणि सासरच्या मागच्या खोलीत तो लोखंडी लेथ पाहिला, तेव्हा पोटात जो गोळा आला तो पुढं दोन वर्षं तिथंच मुक्कामाला राहिला. सगळे म्हणायचे, होईल सवय. भीतीची सवय होते असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा.

माझी भीती हवेतली नव्हती. आमच्या साताऱ्याकडं माझ्या काकाचा हात कडबाकुट्टीत गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दहा हातांवर उभी होते. काका ओरडत होता, काकू ओरडत होती, सगळं शिवार ओरडत होतं, आणि यंत्र आपलं फिरतच होतं. बटण दाबायचं कुणाला सुचलं नाही. एवढी माणसं आणि एक साधं बटण. हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता तर कुणाला विचारायची सोयही मला राहिलेली नाही.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांचं नाव शामसुंदरराव, आत्यांचं गौरा. चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, कापड रंगवायचं, छापायचं. ते सगळं त्यांच्या वडिलांच्या काळातच उरकलं, पण मामांच्या बोटांना रंगाशिवाय करमायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी लेथ घेतला. लाकूड फिरवायचं, छिन्नीनं कातायचं आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून ती तापते, वितळते आणि रंग लाकडावर चढतो. मग ताडाच्या पानानं दाबून चकाकी आणायची. फडकं कधीच नाही. "फडकं गुंडाळतंय," ते म्हणायचे, "फडक्यामागनं बोट जातंय. पान फाटतंय, बोट राहतंय." असलं काही ते अगदी हसतमुखानं सांगत, आणि मी आपले हात पदराखाली लपवत असे.

घरात मराठी बोलतात, पण ती मराठी कधी काळी देशावरून निघालेली आणि इथं येऊन कन्नडात चांगली मुरलेली. पहिले दोन महिने मामा लेथजवळ उभे राहून "निधान, निधान" असं पुटपुटायचे, तेव्हा मला वाटायचं म्हातारा गुप्तधनाच्या नादी लागलाय. कन्नडात निधान म्हणजे सावकाश, हे मला वेंकटेशनं सांगितलं. वेंकटेश माझा नवरा. नंजनगूडच्या कारखान्यात नोकरीला आहे, सकाळी बसनं जातो आणि दिवेलागणीला येतो. माझं नाव वेदवती. साताऱ्यात ते कुणाला धड घेता येत नव्हतं, इथं दर तिसऱ्या घरात एक आहे.

पण माझा खरा फजितवाडा झाला तो दुसऱ्याच शब्दानं. या घरात 'बंद' म्हणत नाहीत. ही समजूत आत्यांच्या माहेरची. त्यांच्या वडिलांचं रंगाचं दुकान होतं. दुकान बंद केलं असं म्हटलं की ते कायमचं बंद होतं, म्हणून दुकान 'वाढवायचं'. दिवा विझवायचा नाही, दिवा 'वाढवायचा'. आत्यांनी तो नियम सासरी आणला आणि नळ, टीव्ही, पंखा, सगळ्यांना लावला. पंखा वाढव म्हणजे पंखा बंद कर. आमच्याकडंही नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटत नाही, वाढते. पण म्हणून पंखा?

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आत्या देवघरातून उठता उठता म्हणाल्या, "दिवा वाढव ग, उंदीर वात ओढून न्यायचा." मी आज्ञाधारक सून. बसले, वात चांगली बोटभर वर ओढली आणि वरून तेल घातलं. ज्योत पार तसबिरीपर्यंत गेली. आत्या धावत आल्या, दिव्यावर फूल टेकवलं, आणि मग भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अय्यो, हे काय ग अम्मा! दिवाळी आली काय आज?" पुढं सहा महिने घरी येईल त्याला ही गोष्ट ऐकवली जात होती. हळदीकुंकवात, बारशात, अगदी भाजीवालीलासुद्धा कन्नडात. मी लाल होऊन हसत बसायचे. तो शब्द मी शिकले. निदान तसं मला वाटलं.

लेथच्या खोलीत आत्यांचा दरारा होता. मशीन चालू असताना मामांनी एकटं असायचं नाही, हा त्यांचा कायदा. लेथचं मूळचं बटण फिरत्या लाकडाच्या पलीकडं, हात घातल्याशिवाय न पोचणारं. म्हणून दाराजवळच्या भिंतीवर एक पेटी बसवून घेतली होती. पेटीवर दोन गोष्टी: वेग कमी-जास्त करायची एक ते दहा आकड्यांची काळी चकती, आणि तिच्या खाली चार बोटांवर लाल बटण. आयुधपूजेला छिन्न्यांबरोबर त्या बटणालाही हळदकुंकू लागायचं. मामा काम करत तेव्हा आत्या पेटीशेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलायच्या. "री, स्वल्प निधान," एवढं अधूनमधून. इथल्या बायका नवऱ्याला 'री' म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं.

मला खोलीत बोलावलं की मी उंबऱ्याच्या बाहेरून बघायची. मामा चिडायचे नाहीत. मास्तरच ते, मला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून शिकवायचे. लाकूड बसवलं की आधी हातानं एक फेरा फिरवून बघायचा, कुठं अडत नाही ना. बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचा, चिरेचं लाकूड बद्द बोलतं. सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचं. छिन्नी आधी टेकूवर, मग तिची पाठ लाकडाला, मग हळूच धार. आधी धार लावली तर लाकूड छिन्नी हिसकावून घेतं. आणि फिरत्या लाकडाच्या समोर कधी उभं राहायचं नाही, सुटलं तर ते सरळ समोर येतं.

"सुटतं?" मी विचारलं.

"सुटतं की कधीतरी."

"मग करता कशाला?"

"भय पाहिजे अम्मा," ते म्हणाले. "भय असलं की हात नीट राहतोय. माझं भय संपलं त्या दिवशी मशीन विकून टाका."

हे ऐकून मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. मला आयुष्यात कुणी भित्रेपणाचं चांगलं म्हटलेलं नव्हतं.

आता काठवटीचं सांगते, कारण ती मी मागितली. कुणी काही म्हणो, ती मीच मागितली. इथं नाचणीचे मुद्दे करतात, शिजवून गोळा. मला ज्वारीची भाकरी पाहिजे होती, आणि भाकरीचं पीठ स्टीलच्या परातीत मळताना मला माझ्या आईची लाकडी काठवट आठवायची. एकदा जेवताना हे सहज बोलून गेले. मामांनी घास हातात धरूनच विचारलं, केवढी असते? मी दोन्ही हातांनी दाखवली. त्यांनी जेवण झाल्यावर कागदावर काढली, आणि ती इतकी हुबेहूब होती की मला रडू आलं.

सरगूरचा त्यांचा कुणी विद्यार्थी होता, त्याच्या शेतात फणस पडलेला. त्याचा अर्धा ओंडका आला. लाकूड पिवळंधमक. मामांनी एक ढलपी माझ्या नाकाशी धरली. "आमचा आजा हे उकळून कापडाला पिवळा रंग काढायचा. घरचंच झाड समज." ओलं लाकूड एकदम पुरं कातत नाहीत. आधी जाडजूड कोरून ठेवायचं, कागदात गुंडाळून चार महिने सुकवायचं, सुकताना ते वाकडं होतं, आणि मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून गोल करायचं. ते चार महिने काठवट माझ्या पलंगाखाली होती. रोज केर काढताना मी तिला हात लावून बघायची. मला ती हवी होती आणि ती दुसऱ्यांदा त्या मशीनवर चढणार याची धास्तीही होती.

तो मंगळवार होता. आत्यांना नंजनगूडच्या देवाला जायचं होतं, कुठला तरी नवस राहिलेला. वेंकटेशबरोबर सकाळच्या बसनं गेल्या. जाताना मामांना बजावलं, "मी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही." मामांनी मान हलवली. शाळेतल्या पोरांच्या माना हलताना त्यांनी चाळीस वर्षं बघितल्या होत्या, त्यातलीच एक उचलली असावी.

अकराच्या सुमाराला ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "वेदा, दहा मिनिटं बसतेस? पेटीजवळ. तुझी काठवट आज गोल करून टाकू, संध्याकाळी भाकरी."

मी नाही म्हणायला हवं होतं. सगळं अंग नको म्हणत होतं. पण मला वाटलं, दोन वर्षं झाली, किती दिवस उंबऱ्याबाहेर उभी राहणार आहेस? आयुष्यात एकदा धीर केला तो असा.

मामांनी सगळं नेमानं केलं. शर्टाच्या बाह्या वर, चष्म्यावर प्लास्टिकचा मुखवटा, काठवट लोखंडी तबकडीला स्क्रूंनी आवळलेली. हातानं फेरा फिरवून पाहिला. वाकडी झालेली काठवट लंगडत फिरली. ठोकून ऐकलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी स्टॉप म्हटलं की लाल बटण. काय म्हणणार मी?"

"स्टॉप."

"काय दाबणार तू?"

"लाल बटण."

"भय बेडा," ते म्हणाले. भिऊ नको.

चकती दोनावर ठेवली. लेथ सुरू झाला. वाकड्या लाकडामुळं सगळी खोली हलक्यानं हादरायला लागली, फळीवरच्या लाखेच्या कांड्या किणकिणल्या. मामांनी छिन्नी टेकूवर ठेवली, पाठ लावली, धार लावली. पिवळी ढलपी लांब निघाली आणि त्यांच्या मनगटावर पडली. मी स्टुलावर न बसता भिंतीला चिकटून उभी होते, डावा हात पेटीवर. मी मनात म्हणत होते, स्टॉप, लाल बटण, स्टॉप, लाल बटण. जपच चालला होता म्हणा.

पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग आवाज बदलला. हादरा जड झाला. नंतर कळलं ते असं की एक स्क्रू चिरेत बसला होता आणि ढिला झाला. लेथ जागचा हलला. एवढं ते धूड, पायांपाशी वाळूची पोती, आणि ते माझ्या बाजूला इंचाइंचानं सरकायला लागलं. मामांनी छिन्नी टाकली आणि दोन्ही हातांनी लेथला कवळ घातली, छातीनं दाबून धरला. त्यांनी सोडलं असतं आणि मागं उडी मारली असती तर ते सुटले असते. लेथ माझ्यावर आला असता. हे तेव्हा मला दिसलं नाही. तेव्हा मला फक्त त्यांचा मुखवटा दिसत होता आणि त्याच्या आत उघडलेलं तोंड.

"वाढव!" ते ओरडले.

मी चकती फिरवली.

माझा हात चकतीकडं गेला, हे मी पाहिलं. दोनाचे चार झाले. लेथ आणखी जोरानं उसळला.

"वाढव! वाढव ग!"

मी आणखी वाढवला. त्यांना पाहिजे ते मिळत नाहीये एवढंच मला कळत होतं, आणि ते ज्या आवाजात मागत होते तो आवाज ऐकून मी काहीही दिलं असतं. सहा. लाल बटण माझ्या करंगळीच्या खाली होतं. कुंकवाचा सुकलेला ठिपकासुद्धा दिसत होता.

"वाढव!"

तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला. मी आठावर नेलं.

काठवट सुटली. तिचे दोन तुकडे झाले. एक कौलांतून वर गेला. दुसरा मामांच्या उजव्या हातावर, मग मुखवट्यावर, आणि मामा भिंतीपाशी बसले, म्हणजे बसल्यासारखे पडले. मोकळी तबकडी आता हलकी झाली होती, शांतपणे, सुरेख आवाजात फिरत होती. कौलाचा चुरा खाली पडत होता. तेव्हा, त्या शांततेत, मला आठवलं की माझ्या सासरी पंखा वाढव म्हणजे काय. मी लाल बटण दाबलं.

शेजारचे नरसिंहमूर्ती आवाज ऐकून आले आणि त्यांच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते शुद्धीवर नव्हते. उजवा हात मी माझ्या ओढणीत गुंडाळून धरला होता आणि ओढणीकडं बघायचं टाळत होते. गाडीभर मी एकच विचार करत होते, आणि तो काय होता ते सांगायला लाज वाटते. मामा वाचू देत हा विचार होताच. पण त्याच्या मागोमाग दुसरा होता: कुणाला कळलं तर? ते गेले तर कुणालाच कळणार नाही, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. भीती माणसाला कुठं नेऊन सोडते ते मला त्या दिवशी समजलं.

आत्या आणि वेंकटेश दुपारी पोचले. आत्यांच्या हातात प्रसादाची पुडी तशीच होती. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार आहे पण जिवावरचं टळलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, अंगठा राहील. आत्या खाली बसल्या. ड्रॉइंग मास्तर, ड्रॉइंग मास्तर, असं दोनदा म्हणाल्या.

संध्याकाळी मामांनी डोळे उघडले. आम्ही तिघं खाटेभोवती. वेंकटेशनं विचारलं, "अप्पा, काय झालं? पेटीवर कोण होतं?"

खाटेची कड मी अशी धरली होती की नखं दुखत होती. आता येणार, मला वाटलं, आता तो शब्द येणार आणि आत्यांना एका क्षणात देवघरातली ती ज्योत आठवणार.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"लाकूड सुटायला लागलं," ते हळूहळू म्हणाले. "मी म्हटलं वाढव. तिनं वाढवलं."

एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या मराठीत ती फिर्याद होती आणि त्यांच्या मराठीत ती शाबासकी होती, आणि खोलीतल्या दोन माणसांनी ती शाबासकी म्हणून ऐकली. वेंकटेशनं माझा खांदा दाबला. आत्या उठल्या, माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "तू होतीस म्हणून ग अम्मा," त्या म्हणाल्या. "तू होतीस म्हणून."

मला ओरडावंसं वाटलं. मी मान खाली घातली. सुना मान खाली घालतात तेव्हा लोक त्याला नम्रपणा समजतात.

मामा घरी आल्यावर आत्या बाहेर असताना मी एकदा त्यांच्या पायाशी जाऊन बसले. काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "स्टॉप म्हणायचं ठरलं होतं. मी विसरलो. तोंडात काय आलं बघ."

"पण मी—"

"चूक तुझी निम्मी, माझी निम्मी. तुझी तू ठेव, माझी मी ठेवतो. गौराला द्यायची नाही. गौरा देवमाणूस आहे. पण माझ्या बाबतीत नाही. तिला कळलं तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही ती."

म्हणजे ते मला वाचवत होते, आणि मला वाचवता वाचवता त्यांनी माझी भीती कायमची करून टाकली होती. भेटायला माणसं येत. आत्या चहा ठेवत आणि सांगत: "ह्यांनी वाढव म्हटल्याबरोबर हिनं वाढवलं, नाही तर काय झालं असतं गोत्तिल्ला, कुणास ठाऊक." मी कप देऊन लगेच आत जायची. कुणीतरी एक शहाणा विचारेल, साताऱ्याची ना ही, हिला कसं कळलं? रोज संध्याकाळी दार वाजलं की वाटायचं, आलाच तो. मामा डाव्या हातानं पेन्सिल धरायला शिकत होते. त्यांच्या कागदावरची वेडीवाकडी वर्तुळं बघितली की मी ताटावरून उठायची. रात्री वेंकटेश झोपला की त्याला उठवून सगळं सांगावंसं वाटायचं, आणि मी कूस बदलायची. लेथवर चादर टाकलेली होती. त्या खोलीपुढून जाताना मी भिंतीच्या कडेनं जायची.

असा महिना गेला.

एका संध्याकाळी आत्या मामांच्या हाताचं बँडेज बदलायला उठल्या. मी देवघराशी फुलं निवडत होते. दारातून वळून त्या म्हणाल्या, "वेदा, दिवा..." आणि थांबल्या.

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, ज्योतीकडं बघत होत्या.

"दिवा बंद कर," आत्या म्हणाल्या.

या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. परडी माझ्या हातातून निसटली. आणि मग एकदम ध्यानात आलं की जी गोष्ट त्यांनी सहा महिने भाजीवालीपासून सगळ्यांना सांगितली होती, ती दिव्याची गोष्ट, ती या महिन्याभरात त्यांनी एकदाही कुणाला सांगितलेली नव्हती. इतकी माणसं येऊन गेली, एकालाही नाही. त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात माझं तोंड हातांत धरलं तेव्हाच ठाऊक होतं.

"आत्या," मी म्हटलं, "त्या दिवशी मी—"

"बेडा." त्यांनी हात वर केला. "सांगू नको. तू सांगितलंस तर मला ऐकावं लागेल." त्यांचा आवाज कडक होता, आणि मला वाटलं, झालं, आता झालं. पण त्या आत आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. "मी लगीन होऊन आले तेव्हा हे बंद म्हणायचे. दिवा बंद, दार बंद. मी बोलू देत नव्हते. म्हटलं की जेवायला वाढायची नाही मी. दोन वर्षं लागली त्यांच्या तोंडातनं तो शब्द काढायला." त्या आपल्या हातांकडं बघत राहिल्या. "मी काढला तो, वेदा."

आतल्या खोलीतून मामांनी हाक मारली, बँडेजचं काय झालं म्हणून.

"आले, री," आत्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मी परडीतलं एक फूल उचललं. पण ते ज्योतीपर्यंत मला नेता येईना. आत्यांनी माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून दिवा बंद केला.